घणाशेजारची शाळा

कोंडीराम ओव्हाळ लेकीबद्दल बोलायला लागला की कंपनीतले लोक हळूच चहाच्या टपरीकडे सटकायचे. कौतुक ऐकून घ्यायलाही काही सीमा असते. यशूला गणितात पैकीच्या पैकी, यशूचं अक्षर मोत्यासारखं, यशू वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. हे सगळं सांगून झालं की तो खोटा वैताग आणून म्हणायचा, "पर लई बोलती राव. घरात पाय टाकला की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. कान किटत्यात."

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. अडचण एवढीच होती, की यशूचं हे बोलणं कोंडीरामशिवाय जगात दुसऱ्या कुणीही ऐकलं नव्हतं.

कोंडीराम तळेगावाच्या पलीकडच्या मावळातल्या खेड्यातला. भोसरीत कारखान्यांच्या शेड उभ्या राहायला लागल्या तेव्हा तो आला, आणि पहिल्या झटक्याला प्रेसशॉपमध्ये लागला तो तिथलाच झाला. प्रेसशॉप म्हणजे पत्रा कापायचा, वाकवायचा, भोकं पाडायची जागा. ओळीनं उभी असलेली यंत्रं दिवसभर दणके घालत असतात, आणि तिथं माणसाला स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं कानानं ऐकतच नाहीत, डोळ्यांनी ऐकतात. समोरच्याचे ओठ हलले की काय म्हणाला ते कळतं. नवा आलेला वर्षभर गोंधळतो, मग ओठ वाचायला लागतो, आणि आणखी वर्षभरात सुपरवायझरच्या पाठीमागे त्याची थट्टाही करायला लागतो. उरलेलं काम हातांवर. हात वर केला की थांब. पंजा पालथा करून दोनदा हलवला की चालू दे. कोंडीरामच्या शेजारच्या प्रेसवर चिमाजी होता, भोसरी गावठाणातला. त्या दोघांनी आयुष्यातली सगळी सुखदुःखं एकमेकांना आवाज न काढता सांगितली होती.

या दणक्यांची किंमत कान देत असतात. कोंडीरामचे कान हळूहळू मंद होत चालले होते, पण ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. ओठ दिसत होते तोवर त्याचं काहीच अडत नव्हतं. फक्त तो स्वतः मोठ्यानं बोलायला लागला, आणि त्याच्याशी बोलून बोलून त्याची बायको कस्तुराही. दिघीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत साधी मिठाची चौकशीसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची.

अशा घरात यशोधरा जन्माला आली. जात्याच लाजरी, आवाज बारीक. पोरं आळशी नसतात, हिशेबी असतात. बापाला नुसते ओठ हलवले तरी सगळं कळतं हे तिला फार लवकर उमगलं, मग घसा कशाला शिणवायचा? संध्याकाळी कोंडीराम उंबऱ्यावर बसला की ती त्याच्यासमोर मांडी ठोकून बसायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. गुरुजींची टोपी कशी पडली, कुणी कुणाची पेन्सिल लपवली, मिलिटरीच्या तारेच्या आत मोर कसा आला. सगळं नुसतं ओठांनी. कोंडीराम मात्र पूर्ण आवाजात "आं? मग?" करायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, हा गडी रोज संध्याकाळी एकटाच बडबडतो.

कस्तुरा सकाळी एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. तिला कळत होतं की पोर अबोल आहे. ती म्हणायचीही, "अवो, पोरगी कुणासंगं बोलत न्हाई." त्यावर कोंडीराम खदाखदा हसायचा. "ही? हिला गप बस म्हनायची येळ येती माज्यावर!" कस्तुराला वाटायचं, बापापाशी तरी पोर बोलते म्हणजे घसा शाबूत आहे. शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींची तक्रार नव्हतीच. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या माणसाला न बोलणारं पोर म्हणजे देणगी वाटते. पाटीवर उत्तर बरोबर असलं की झालं. अशा रीतीनं तीन शहाणी माणसं एका पोरीबद्दल तीन वेगवेगळ्या गोष्टी धरून बसली होती.

चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये यशूचा नंबर आला आणि घरात दिवाळी झाली. पुढं पाचवीला कुठं घालायचं, हा प्रश्न कोंडीरामच्या आधी त्याच्या मेव्हण्यानं सोडवून टाकला. उद्धवराव देहूरोडला कारकून होता, पांढरा शर्ट घालायचा, आणि घरातलं शिक्षणखातं आपल्याकडे आहे असं त्यानं परस्पर ठरवून घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. भाचीवर त्याचा फार जीव.

"दाजी, आता दुसरा विचार नको," तो म्हणाला. "चिंचवडची मोठी शाळा. तिथनं पोरं डॉक्टर, इंजिनेर होऊन बाहेर पडतात. मी शब्द टाकलाय. मुख्याध्यापक मुलाखत घेतील, दोन प्रश्न विचारतील, झालं."

"दोन काय, ईस इचारू द्या," कोंडीराम म्हणाला.

मे महिन्यात एका गुरुवारी, म्हणजे कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बाप-लेक निघाले. भोसरी, मग नाशिक फाटा, मग चिंचवड. यशूच्या वेण्यांना लाल रिबिनी. शाळा खरंच मोठी होती, दगडी पायऱ्यांची, आणि मुख्याध्यापक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कोंडीरामला खुर्ची दिली, यशूचे पेपर पाहिले, आणि चष्म्यावरून हसून विचारलं, "नाव काय बाळ तुझं?"

यशूनं सांगितलं. यशोधरा कोंडीराम ओव्हाळ. बाजूला बसलेल्या कोंडीरामला ते ओठ लख्ख दिसले. एकही अक्षर न गाळता पूर्ण नाव सांगितलं म्हणून त्याची छाती फुगली.

"नाव सांग ना," मुख्याध्यापक पुन्हा म्हणाले. यशूनं पुन्हा सांगितलं. "घाबरू नकोस. कुठल्या गावची तू?" यशू म्हणाली, दिघी. "बरं, आवडता विषय?" यशू म्हणाली, गणित.

मुख्याध्यापकांनी पेन खाली ठेवलं. "मुलगी बोलत नाही का?"

"आं?" कोंडीराम गडबडला. "सांगितलं की सायब तिनं! नाव सांगितलं, गाव सांगितलं, गणित आवडतं म्हनली!"

"कधी?"

त्या एका शब्दानं कोंडीराम गार पडला. मुख्याध्यापक थट्टा करत नव्हते, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. दाराशी उभा असलेला शिपाईही कोंडीरामकडे विचित्र नजरेनं बघत होता. कोंडीरामनं यशूकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हलत होते. "आबा, मी सांगितलं." त्यानं जीव कानांत आणून ऐकायचा प्रयत्न केला. काही नव्हतं. दहा वर्षं तो लेकीचं बोलणं ऐकत होता आणि त्यात आवाजच नव्हता.

मुख्याध्यापक चांगुलपणानं वागले. पेपर उत्तम आहेत म्हणाले, पण आमच्या एकेका वर्गात साठ मुलं, इथं विचारल्यावर उत्तर देता आलं पाहिजे. जूनअखेरपर्यंत जागा ठेवतो. तोवर तिनं माझ्यापुढे नाव, गाव आणि एखादी कविता मोठ्यानं म्हणून दाखवली की प्रवेश दिला. याहून जास्त कुणी काय करावं?

परतीच्या बसमध्ये यशू त्याच्या दंडाला डोकं टेकून झोपली आणि कोंडीरामला त्याचा बाप आठवत राहिला. गावात चावडीपुढून जाताना बापाचा आवाज खाली. पाटलाशी बोलताना खाली. वाण्याच्या ओट्याखाली उभं राहून गूळ मागताना खाली. खाली ठेवून ठेवून तो आवाज घशातच राहायला शिकला होता. ज्या वर्षी त्यांच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, त्या वर्षी कोंडीराम मिसरूड फुटायच्या वयाचा होता. गर्दीत बापानं जी 'जयभीम'ची आरोळी ठोकली ती ऐकून तो दचकलाच होता. आपल्या बापाला एवढा आवाज आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि आता त्याच बापाची नात, स्कॉलरशिपवाली, स्वतःचं नाव सांगू शकत नव्हती. ते कुणा पाटलाच्या धाकानं नाही. आपल्यामुळं. कोंडीरामला हे इतकं लागलं की नाशिक फाट्याला उतरायचं तो विसरला, आणि दोघं पुढच्या थांब्यावरून उलट चालत आली.

मग त्यानं जे केलं ते प्रेसशॉपमधला माणूसच करेल. ओठ दिसतात म्हणून पोर आवाज काढत नाही ना? मग ओठ बघायचेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसायला लागला.

"बोल. ऐकतोय मी."

यशूला पहिल्यांदा खेळ वाटला. ती हसत हसत पुढून आली. त्यानं तोंड फिरवलं. ती त्या बाजूला गेली, त्यानं पुन्हा फिरवलं. तिनं त्याची हनुवटी धरून वळवली, तेव्हा त्यानं डोळे मिटले. "आवाज काढ यशू. आवाज काढलास तरच ऐकनार." असं चार-पाच दिवस चाललं. मग एके संध्याकाळी ती समोर आलीच नाही. त्यानं वळून पाहिलं तर ती कोपऱ्यात गुडघ्यात तोंड घालून बसली होती. त्यानं घाबरून हाक मारली. तिनं मान वर केली, पण ओठ मिटलेलेच होते.

आवाज तर आला नाहीच, होतं ते बोलणंही गेलं. घर इतकं गप्प झालं की कस्तुराचं भांडं पडलं तरी कोंडीराम दचकायचा. उंबऱ्यावर तो एकटा बसायचा, आणि दिवसभरात काय झालं हे त्याला सांगणारं कुणी नसायचं.

कस्तुरानं त्याला फैलावर घेतलं. "काय मिळवलंत? तुमच्यासंगं तरी बोलत हुती. आता घुमी करून ठिवली पोरीला."

"तिच्या भल्यासाठीच केलं न्हवं?"

"भल्यासाठी पाठ फिरवत्यात का कुनी?"

त्यानं भिंतीकडे बसणं सोडलं, लेकीची माफीही मागितली. तिनं मान डोलावली. पण ओठ काही उघडले नाहीत. जून आला, शाळा सुरू झाल्या. गल्लीतली पोरं दप्तरं घेऊन जायची आणि यशू जुनीच पुस्तकं पुन्हा वाचत दारात बसायची. उद्धवराव दर रविवारी येऊन विचारायचा, "म्हणाली का कविता?" आणि जूनचे दिवस भराभर जात होते.

कोंडीरामनं हे सगळं चिमाजीला सांगितलं, अर्थात प्रेस चालू असताना, नुसत्या ओठांनी. चिमाजीनं पत्रा सरकवत सांगितलं, "आमच्या किसनाच्या शाळंत घाल की." कोंडीरामला त्या अवस्थेतही हसू आलं.

चिमाजीचा किसन जायचा ती शाळा भोसरीच्या कडेला होती. तिला खरं नाव होतं, पण सगळे घणाची शाळा म्हणत. शाळा आधी झाली, मग तिच्या कुंपणाला लागून फोर्जिंगचा कारखाना आला. तिथं तापून लाल झालेल्या लोखंडावर वरून भलामोठा घण पडायचा आणि शाळेच्या फळ्यावरचा खडू उडायचा. ज्यांना दुसरीकडे जाता येत होतं त्यांनी पोरं काढून नेली होती. शिक्षकही टिकत नसत. मॅट्रिकचा निकाल चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. जन्मभर दणके खाल्लेल्या माणसानं स्कॉलरशिपवाली लेक पुन्हा दणक्यांतच नेऊन घालायची?

"घालू नकोस," चिमाजी म्हणाला. "पर एकडाव बघ तरी."

पहिली शिफ्ट सुटल्यावर चिमाजी किसनला आणायला निघाला आणि कोंडीरामही त्याच्यामागून गेला. शाळा सुटायला अवकाश होता. पाचवीचा वर्ग कडेला, खिडकीला नुसते गज. कोंडीराम तिथं उभा राहिला, आणि त्याला घरच्यासारखं वाटलं. घणाचा दणका त्याला कानाआधी पायाच्या तळव्यांत कळत होता. वर्गात इंदुताई नावाच्या बाई शिकवत होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, नऊवारीतल्या.

बाईंनी प्रश्न विचारला. एक पोरगा उभा राहिला, तोंड उघडलं, तेवढ्यात घण वर गेला. बाईंनी हात वर केला. सगळा वर्ग थांबला. घण पडला, खिडकीचे गज थरथरले, बाईंनी हात खाली केला आणि पोरगा बोलला. कोंडीराम बघत राहिला. हात वर म्हणजे थांब. ही तर आपलीच रीत! त्या वर्गात कुणी कुणाची घाई करत नव्हतं, करता येतच नव्हती. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये थांबायचं असतं, हे पोरांच्या अंगवळणी पडलं होतं.

मग बाईंनी मागच्या बाकावरच्या एका किडकिडीत पोराला उठवलं. सदऱ्याचं बटण पिरगाळत तो काहीतरी पुटपुटला. कोंडीरामनं ते ओठांवरून ओळखलं, पण बाईंपर्यंत काही पोचलं नसणार. त्या पुढं झाल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "घण आडवा आला बघ. परत सांग. घाई नाही."

कोंडीरामनं तळव्यांनी पाहिलं. घण पडलाच नव्हता.

पोरानं परत सांगितलं, जरासं मोठ्यानं. "हं," बाई म्हणाल्या, "आता आलं."

कोंडीराम खिडकीशी तसाच उभा राहिला. एका लाजऱ्या पोराची लाज राखायला या बाई दिवसातून किती वेळा त्या घणावर खोटा आळ घेत असतील! त्याला एकदम कस्तुराचं वाक्य आठवलं, आणि आपण भिंतीकडे तोंड करून बसलो होतो याची इतकी लाज वाटली की त्यानं टोपी काढून उगाच पुन्हा घातली.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताच घरी येऊन यशूला बरोबर घेतलं आणि त्याच खिडकीशी नेऊन उभं केलं. पहिल्या दणक्याला ती त्याच्या पायाला बिलगली. दुसऱ्याला नुसती दचकली. मग गज धरून आत बघायला लागली. आज बाईंनी एका परकरातल्या मुलीला उठवलं होतं. मुलीचं उत्तर काही ऐकू येईना. "घण आडवा आला बघ," बाई म्हणाल्या. "परत सांग. घाई नाही."

यशूनं चटकन मान वर करून बापाकडे पाहिलं. कपाळाला आठी. आणि इतक्या दिवसांनी तिचे ओठ हलले.

"आबा, घण पडलाच नव्हता."

कोंडीराम खाली बसला. गजांखाली, चपला चिखलात, तसाच. लेकीनं आपल्याला पुन्हा बोलायच्या लायकीचं मानलं याचाच आनंद त्याला इतका झाला, की शाळा कुठली हा प्रश्न त्याच्यापुरता तिथंच मिटला.

तो त्याच्यापुरताच मिटला होता. रविवारी उद्धवराव आला आणि उभ्या उभ्याच कडाडला. "दाजी, डोकं ठिकाणावर आहे का? चिंचवड सोडून घणाची शाळा? लोक तिथनं पोरं काढतात आणि तुम्ही घालता? उद्या ही नापास झाली तर मला तोंड दाखवू नका."

"तिथं बाई थांबत्यात, उद्धवराव."

"थांबतात म्हणजे?"

कोंडीरामला ते समजावून सांगता येईना. तो म्हणाला, "तुमची शाळा चांगलीच हाय. पर त्यांना घाई हाय. माज्या पोरीला येळ लागनार. किती लागंल ते मला बी ठावं न्हाई." मग कस्तुरानं निकाल दिला. ती भावाला म्हणाली, "दादा, शिकायचं तिला हाय. तिलाच इचारा." आणि सगळ्यांनी यशूकडे पाहिलं. यशूनं बापाकडे बघून ओठ हलवले. कोंडीराम हसला.

"काय म्हणाली?" उद्धवरावानं विचारलं.

"म्हनली, मामा, रागावू नगा."

उद्धवराव चहा न घेता गेला. कोंडीराम त्या रात्री निवांत झोपला असं कुणी सांगितलं तर खोटं. भीती होतीच. लेकीच्या जन्माचं नुकसान आपण आपल्या हातानं करतोय की काय, हे त्याला रोज प्रेसवर उभं राहिल्यावर वाटायचं.

इंदुताईंनी यशूला पहिल्या दिवशी नाव विचारलं, तिनं नुसते ओठ हलवले. घण आडवा आला. दुसऱ्या दिवशीही आला. आषाढ गेला, श्रावण आला, आणि बिचारा घण रोज यशूच्या वाटेत आडवा येत राहिला. बाईंनी कधी तिला रागावून उभं केलं नाही, आणि कधी विचारायचं सोडलंही नाही. रोज एक प्रश्न यशूच्या वाट्याचा असायचाच. मग थांबायचं. मग पुढच्या मुलाकडे जायचं.

आणि एका गुरुवारी गंमत झाली. गुरुवारी कोंडीराम घरी असायचा. उंबऱ्यावर बसून कंदिलाची काच पुसत होता. यशू धावत आली, दप्तर फेकलं, समोर मांडी ठोकून बसली आणि सांगायला लागली, नेहमीसारखं नुसत्या ओठांनी. बाईंनी आज भूमिती घेतली. बाईंनी मला विचारलं, त्रिकोणाचे कोन किती. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, घण आडवा आला बघ. आणि आबा, सगळा वर्ग हसायला लागला! कारण आज गुरुवार ना. आज कारखाना बंद. घण कुठनं येणार? एरवी गुरुवारी बाई नुसतं परत सांग म्हणतात. बाईंना कळेचना आम्ही का हसतोय ते. मग मी उभी राहिले आणि म्हटलं...

इथं ती थांबली.

"बाई, आज गुरुवार!"

कोंडीरामच्या हातातली काच तशीच राहिली. हे त्यानं डोळ्यांनी ऐकलं नव्हतं. कानांत आलं होतं. इतकी वर्षं लेकीच्या ओठांना तो मनानं जो आवाज लावत होता तो कस्तुरासारखा, खणखणीत होता. हा निराळाच निघाला. जरासा घोगरा, खालच्या पट्टीतला. त्याच्या मेलेल्या आईचा. कोंडीरामनं डोळे पुसले आणि पुन्हा म्हणायला लावलं, आणि ती पुन्हा म्हणाली, आणि आतून कस्तुरा पिठाचे हात घेऊन बाहेर आली ती दारातच उभी राहिली.

चुकीचं काही ऐकलं की यशूला राहवत नसे, हे बाईंनी ओळखलं होतं की बाई खरंच वार विसरल्या होत्या? कोंडीरामनं पुढं एकदा धीर करून विचारलं. इंदुताई हसून म्हणाल्या, "वय झालं हो. वार कुठले लक्षात राहतात?" त्यांच्या टेबलावर तारखेचं मोठं कॅलेंडर होतं, एवढंच.

आवाज काही एका दिवसात वाढला नाही. सहावीत ती शेजारच्या बाकापर्यंत ऐकू यायला लागली, आठवीत फळ्यापर्यंत. मधल्या सुट्टीत पोरं चिडवायचीही. एक वर्ष तर ती पुन्हा गप्प झाली होती आणि कोंडीरामच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण घरी, बापाशी, ती ओठांनीच बोलत राहिली. आता तर त्याची गरजही होती. कोंडीरामचे कान पार गेले होते. चिमाजी कानांत कापसाचे बोळे घालायचा, त्याचे तेवढे शाबूत राहिले होते. कंपनीत लोक त्याच्या कानाशी ओरडत, कस्तुरा ओरडे, उद्धवराव तर हातवारे करी. एकटी यशू कधी ओरडली नाही. समोर बसायची, सावकाश ओठ हलवायची, आणि त्याला सगळं ऐकू यायचं.

एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ होता आणि मुलांच्या वतीनं बोलायला इंदुताईंनी यशूचं नाव काढलं. पालकांनाही बोलावणं होतं. कोंडीराम आणि चिमाजीची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट, म्हणून सकाळी दोघं इस्त्रीचे कपडे करून आले आणि मांडवात अगदी मागच्या बाकावर बसले. कस्तुरा पुढं बायकांत होती. उद्धवरावही आला होता, पांढऱ्या शर्टात, दुसऱ्या रांगेत.

यशू उभी राहिली. दोन वेण्या, हातात कागद नाही. तिचे ओठ हलायला लागले. कोंडीराम वाचत होता. आदरणीय बाई, आदरणीय सर. शब्द सगळे कळत होते, एकही सुटत नव्हता, आणि तरी त्याचा जीव गोळा झाला होता. दहा वर्षं असंच तर सगळं कळलं होतं त्याला. चिंचवडच्या त्या खोलीतही सगळं कळलं होतं. त्यानं चिमाजीच्या मांडीवर हात ठेवला.

"चिमाजी, आवाज येतोय का रं?"

चिमाजी त्याच्याकडे वळला, ओठ नीट दिसावेत म्हणून पुरता वळला. "येतोय की! हितं मागं पतूर येतोय. एकेक शबुद."

"खरं सांग."

"तुज्या गळ्याची शप्पत."

तेवढ्यात तळव्यांना धक्का जाणवला. कुंपणापलीकडं घण चालू झाला होता. व्यासपीठावर यशूनं हात वर केला, आणि सगळा मांडव थांबला. मुलं, मास्तर, पालक, पांढऱ्या शर्टातला उद्धवरावही. त्या दणक्यात कुणालाच काही ऐकू येणार नव्हतं. तेवढ्या वेळात यशूनं मान उंच करून मागच्या बाकाकडे पाहिलं आणि नुसते ओठ हलवले.

"आबा, येतोय का आवाज?"

कोंडीरामनं उभं राहून पंजा पालथा केला आणि दोनदा हलवला. चालू दे.